म्हातारपण कुणाला माफ?

नट म्हातारा झाला. पोट सुटलं, गुडघे बोलायला लागले, आवाजाला चिरा गेल्या. तरी तो आपल्या जुन्या गाजलेल्या भूमिकेत परत उभा राहिला. तर पटतो का? पुण्यामुंबईच्या पेपरांतून हा सवाल दर दोन-चार वर्षांनी निघतो. एखादं जुनं नाटक झटकून पुन्हा आणतात, जाहिरातीत 'तीच भूमिका, तोच नट' असं छापतात, आणि समीक्षक लोक जपून जपून लिहितात की वय जाणवतं पण जादू कायम आहे. जादू कायम! आम्ही विचारतो, ही जादू नटात असते की बघणाराच्या मेहेरबानीत? आणि ती मेहेरबानी सगळ्यांच्या वाट्याला का येत नाही?

हा सवाल आपला नाही असं म्हणणारे आपल्यातही निघतील. चाकूर-अहमदपूरच्या पोराला नाटकाचं काय घेणंदेणं? रोजगाराचं बोला, जमिनीचं बोला. बोलूच की. पण नट हा आधी मजूर आहे. शरीर हे त्याचं हत्यार. हत्यार बोथट झाल्यावर कुणाला ठेवून घेतात आणि कुणाला उकिरड्यावर फेकतात, हा रोजगाराचाच सवाल आहे. या राज्यात बोर्डावर शरीर झिजवण्यात आपली माणसं, आपल्या बाया किती पिढ्या गेल्या ते काय तुम्हाला सांगायला पाहिजे?

आधी मोठ्या घरचं बघू.

बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. १९११ साली 'मानापमान'ची भामिनी, १९१६ साली 'स्वयंवर'ची रुक्मिणी, १९१९ साली 'एकच प्याला'ची सिंधू. पुरुषानं बाई व्हायचं आणि पांढरपेशा घरातल्या बायांनी त्याच्याकडं बघून लुगडं नेसायला शिकायचं, असा तो काळ. हे झालं तिशीपर्यंतचं. पुढं अंग सुटलं, चेहरा सुटला, डोक्यावर कर्ज चढलं. १९३५ साली ते 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटात गेले. दिग्दर्शक व्ही. शांताराम, भूमिका संत एकनाथांची. या चित्रपटाचं पहिलं नाव 'महात्मा' होतं, ते सेन्सॉरनं बदलायला लावलं. विषय अस्पृश्यतेचा. एकनाथ महाराच्या घरी जेवतो, ते प्रकरण. म्हणजे आयुष्यभर लुगडं नेसलेला हा नट स्वतःच्या वयाला शोभेल अशा पुरुषाच्या भूमिकेत आला, आणि आला तो थेट आमच्या वस्तीच्या दारात. अन् तिथंच तो पब्लिकला पटेना! सत्तेचाळीस वर्षांच्या पुरुषाला पुरुष म्हणून बघायची लोकांची तयारी नव्हती. त्यांना तो शालू-शेल्यातच पाहिजे होता. त्यानंतर 'साध्वी मीराबाई' चित्रपटात ते परत बाई झाले, पण थेटरात दहाव्या रांगेतून जे झाकून जातं ते कॅमेरा झाकू देत नाही. मग पुन्हा नाटक, पुन्हा रुक्मिणी, पुन्हा सिंधू. वय पन्नाशीचं.

पटत होते का? आमचं मत सांगतो. डोळ्यांना पटत नव्हते, कानांना पटत होते. त्यांच्या तबकड्या आजही वाजतात, ऐकून बघा. गळ्यात काय होतं ते कुणीही नाकारू नये. आम्हीही नाकारत नाही. पण डोळे मिटून बघावं लागतं तेव्हा तुम्ही गवयापुढं बसलेला असता. सिंधू कधीच निघून गेलेली असते. लोकांनी डोळे मिटले आणि वर्षानुवर्षं मिटूनच ठेवले, कारण त्या नटावर त्यांचा जीव होता. ही माफी होती. मोठ्या मनाची माफी, आम्ही तिला हसत नाही.

पण यात एक मेख आहे. बालगंधर्वांना एकट्या वयानं मोडलं नाही. १९३३ साली नाट्यमन्वंतरनं 'आंधळ्यांची शाळा' आणलं आणि बाईच्या भूमिकेत बाई उभी केली. शेजारी खरी बाई दिसल्यावर लुगड्यातला पुरुष एका रात्रीत म्हातारा झाला. मराठी रंगभूमीची केवढी क्रांती म्हणून या नाटकाचे गोडवे गातात. गावेत. फक्त आम्ही एक नाव तिथं ठेवतो, पवळा हिवरगावकर. महाराची लेक, संगमनेरकडची. ती पठ्ठे बापूरावांच्या फडात या क्रांतीच्या दोन-तीन दशकं आधीच बाईच्या भूमिकेत बाई म्हणून बोर्डावर उभी होती. तिला कुणी क्रांती म्हणालं नाही. तमासगिरीण म्हणाले.

आता पुढचे पुरुष घ्या. प्रभाकर पणशीकर. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच', पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२, दिल्लीत. फिरता रंगमंच आणि एकाच नटाची पाच सोंगं. लखोबा लोखंडे नावाचा ठक नावं बदलून बायांशी लग्नं लावतो, पैसे लुबाडतो. पणशीकर तेव्हा एकतीस वर्षांचे होते. सत्तरीकडं झुकल्यावरही ते तोच लखोबा करत राहिले, प्रयोग हजारांनी झाले. सत्तरीतला नवरदेव लग्नाच्या बाजारात उभा राहतो आणि पोरी फसतात, हे कुणाला पटणार? पण तिथं पटण्याचा प्रश्न उरलाच नव्हता. पब्लिकला वाक्यं पाठ होती. वाक्य आलं की टाळी. याला आम्ही हजेरी म्हणतो, देवळात काकड्याला जावं तशी. नट तिथं उभा असला की झालं. कोर्टातला, आरोपीच्या पिंजऱ्यातला लखोबा मात्र वयानं बिघडत नव्हता, उलट मुरला. बनेलपणाला पिकलेले केस शोभतात. म्हणजे एकाच नाटकात अर्धा नट म्हातारा झाला आणि अर्धा पिकला.

मराठवाड्यातला दाखला पाहिजे तर लक्ष्मण देशपांडे आहेत. 'वऱ्हाड निघालंय लंडनला', १९७९. माणूस एक आणि पात्रं बावन्न. साठी गाठली तरी प्रयोग चालूच होते. २००९ साली ते गेले. त्यांना वयाचा अडसर का आला नाही? कारण सोपं आहे. तिथं नट म्हातारी होतो, पोर होतो, नवरदेव होतो, आणि कुणाचंच सोंग पूर्ण चढवत नाही. एक हात हलवतो, उरलेलं बघणारा भरून घेतो. शरीर भाड्यानं लावलेलं नसतं तिथं वय आड येत नाही. (आमची बोली ऐकून शहरातली माणसं पोट धरून हसली, ती आमच्यासोबत हसली की आम्हाला हसली, याचा हिशेब कधीतरी मांडायचा आहे. आज नको.)

आणि 'नटसम्राट'. कुसुमाग्रजांचं, म्हणजे शिरवाडकरांचं नाटक, पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७०. गणपतराव बेलवलकर नावाचा म्हातारा नट पोराबाळांत सगळं वाटून टाकतो आणि रस्त्यावर येतो. श्रीराम लागू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे. त्रेचाळीस वर्षांचा माणूस म्हातारपणाचं सोंग घेतो आणि महाराष्ट्र रुमाल ओले करतो. पुढं दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही ती भूमिका केली. २०१६ साली चित्रपट आला तेव्हा नाना पाटेकर पासष्टचे होते. तिथं वय नटाच्या बाजूनं उभं राहिलं, कारण भूमिकाच म्हाताऱ्याची. आम्हाला या नाटकाचा राग नाही, नाटक मोठं आहे. फक्त एवढं विसरू नका की या सम्राटाला सख्ख्या पोरांनी टाकल्यावर ज्यानं जवळ केलं तो बूटपॉलिशवाला पोरगा होता. प्रेक्षक रडतो सम्राटासाठी. त्या पोराचं म्हातारपण कसं जाणार, हे थेटरातून बाहेर पडताना कुणी कुणाला विचारत नाही.

आता इथं येऊ.

चाकूरहून एसटीनं निघालं की अहमदपूर ओलांडून नांदेडच्या रस्त्याला माळेगाव लागतं. मार्गशीर्ष सरता सरता तिथं खंडोबाची जत्रा भरते. घोडी, गाढवं, उंट, बैल, आणि तमाशाचे फड. नाट्यगृह न बघितलेल्या आपल्या माणसांचं नाट्यगृह ते. कनातीच्या आत गण होतो, गवळण होते, बतावणी, रंगबाजी, मग वग. बाहेरच्या फलकाकडं जरा नीट बघत जा. फडाचं नाव एखाद्या जुन्या, गाजलेल्या बाईचं असतं आणि चित्रं कोवळ्या पोरींची. नाव म्हातारं झालेलं चालतं. बाई चालत नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म पंढरपूरचा, १९३५. बाप भाऊ, चुलता बापू, दोघांच्या नावाचा फड. जात नावातच आहे, लपवलेली नाही. १९५७ आणि १९९०, दोनदा राष्ट्रपतींच्या हातून सन्मान. आणि हो, बालगंधर्वांना आपण 'ते' लिहितो, आणि तमाशातल्या बाईचं नाव आलं की पेपरात लगेच 'ती नाचली, तिनं घायाळ केलं'. मी इथं 'त्या' लिहिणार आहे. कुणाला खटकलं तर खटकू द्या.

त्यांच्याबद्दल सांगतात ते तुम्ही ऐकलं असेल. नऊ महिने भरलेले, तरी बोर्डावर नाच चालू. कळा आल्या तेव्हा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि परत यायला निघाल्या, कारण बाहेर पब्लिक ओरडत होतं. मग लोकांना कळलं आणि लोकांनीच हात जोडून थांबवलं. ही गोष्ट जो तो कौतुकानं सांगतो. काय ती निष्ठा, काय ती कला! आम्हाला ती ऐकून काही वेगळंच दिसतं. या बाईला आजारी पडायची, बाळंत व्हायची सोय नव्हती, तर म्हातारं व्हायची कुठून असणार? नाटकातला नट घरी जातो आणि रंग पुसतो. रुक्मिणी पेटीत राहते, नारायणराव जेवायला बसतात. विठाबाईंची गाजलेली भूमिका कोणती? तर विठा. तीच बोर्डावर आणि तीच बोर्डाखाली. त्या भूमिकेत परत यायचं म्हणजे विशीतल्या शरीरासकट परत यायचं. ते कुणाला जमलंय?

त्या शेवटपर्यंत कलावंत राहिल्या आणि शेवटपर्यंत गरीब राहिल्या. १५ जानेवारी २००२ ला गेल्या. दवाखान्याचं बिल देणग्यांतून भागवावं लागलं. २००६ साली सरकारनं त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू केला. बालगंधर्वांचंही म्हातारपण हालात गेलं, हे आम्ही दडवणार नाही. पाय गेले होते, पैसा गेला होता. पण १९५५ साली संगीत नाटक अकादमी, १९६४ साली पद्मभूषण, आणि १९६७ साली ते गेले तर वर्षाच्या आत पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर उभं. फरक नुसत्या पैशाचा नाही. त्यांच्या उतारवयाला समाजानं एक शब्द दिला, 'शोकांतिका'. तमाशातल्या बाईच्या उतारवयाला असा शब्दच नाही. तिच्यावर शिट्टी वाजायची थांबते, बास.

तुम्ही म्हणाल, नाचाचं कामच असं आहे, तिथं म्हातारी कशी पटेल? इथंच गफलत आहे. तमाशात म्हातारपणाला जागा नाही असं अजिबात नाही. गवळणीतली मावशी बघा. बाप्याच लुगडं नेसून मावशी होतो, आणि जितका म्हातारा, बोळका, तितका हशा जास्त. सोंगाड्या साठीचा झाला तर लोक म्हणतात मुरलाय गडी. शाहीर, ढोलकीवाला, वगातला राजा, सगळ्यांना वय चालतं. एकट्या राधेला चालत नाही. राधेचं वय वाढलं की तिला बोर्डावरून राहुटीत, आणि राहुटीतून चुलीकडं पाठवायचं. सुपारी द्यायला आलेली माणसं आधी पोरी किती ते विचारतात, वग कोणता ते मागाहून. नाट्यशास्त्राचा नियम म्हणून जे सांगितलं जातं तो बाजाराचा भाव असतो.

याला पुरावा आहे. यमुनाबाई वाईकर. कोल्हाटी समाजातल्या, जन्म १९१५, बैठकीची लावणी. बैठकीच्या लावणीत बाई बसते, गाते आणि अदा करते. डोळा, भुवई, मनगट, एक शब्द पाच तऱ्हांनी घेणं. पाय थकले तरी हे थकत नाही, उलट वय झालं की यात मजा वाढते, कारण पंचवीस वर्षांच्या पोरीला जे गाणं नुसतं पाठ असतं ते साठीच्या बाईनं सोसलेलं असतं. यमुनाबाई म्हातारपणातही पटत राहिल्या. १९७७ साली संगीत नाटक अकादमी, २०१२ साली पद्मश्री, तेव्हा वय शहाण्णव. २०१८ साली, शंभरी ओलांडून गेल्या. म्हणजे लावणीला म्हातारी बाई चालते! बसायला जागा द्या, ऐकायला माणूस द्या, ती पटते. उभ्या लावणीत, हजारोंच्या गर्दीत, स्पीकरवर, शिट्ट्यांत ती पटत नाही, कारण तिथं लावणी ऐकायला कुणी आलेलंच नसतं.

आता आपलं अंगण. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं. आमच्या बाया नाचवून आलेला पैसा आमच्या लढ्याला नको. बरोबरच होतं. शंभर टक्के बरोबर होतं. त्यातूनच आंबेडकरी जलसा उभा राहिला. भीमराव कर्डकांनी आणि कितीतरी शाहिरांनी नाच्या हटवला, विचार उभा केला. पण नकार पैशाला होता, नाचवणाराला होता. नाचणारीला नव्हता. चळवळीनं जलशात शाहिराला जागा केली. बोर्डावरच्या बाईला 'सोड हे' म्हणून सांगितलं आणि सोडून कुठं जायचं ते सांगायचं राहून गेलं. पुढच्या पिढ्यांना तमाशाची लाज वाटली, म्हणून फडातली म्हातारी पांढरपेशांच्या संमेलनात नाही आणि आपल्या जयंतीच्या मंचावरही नाही. हे खटकून घ्या जरा.

खरं तर म्हाताऱ्या कलावंताला कसं बघावं हे आपल्या माणसांइतकं कुणाला कळत नाही. वामनदादा कर्डक आठवा. जन्म १९२२, गेले २००४ साली. ऐंशीच्या घरातला माणूस गावोगाव फिरून गात होता. गळा तरुणपणचा राहिला का, असं आपल्या वस्तीत कुणी विचारलं नाही. गाणं त्यांचं होतं, अनुभव सगळ्यांचा होता. जिथं त्यांचा आवाज तुटला तिथं पुढची ओळ समोरच्या बाया-बापड्यांनी उचलली. याला डोळे मिटून दिलेली माफी म्हणता येणार नाही. लोक टक्क डोळ्यांनी बघत होते आणि म्हातारा त्यांना पटत होता. मग विठाबाईंच्या पिढीतल्या बाईला हाच कान आपण का देऊ नये? ती बाई आहे म्हणून? तिनं शरीर दाखवून पोट भरलं म्हणून? मग आपल्यात आणि माडीवरच्या सज्जनांत फरक काय राहिला?

सरकारचं बोलायचं तर वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन आहे. पन्नाशी झाली की अर्ज करता येतो. पूर्वी त्यातही वर्ग होते अ, ब आणि क. अ म्हणजे राष्ट्रीय, ब राज्याचा, क जिल्ह्याचा. (चातुर्वर्ण्यातला एक कमी केला, उपकारच म्हणायचे.) प्रत्येक वर्गाला वेगळे पैसे. २०२४ साली ही वर्गवारी काढून सगळ्यांना महिना ५ हजार केले, हे चांगलं झालं. पण अर्जाला पुरावे लागतात. प्रमाणपत्रं, कात्रणं, फोटो. पंचवीस वर्षं ज्या बाईनं रात्री बोर्डावर आणि दिवसा ट्रकमध्ये काढली तिच्याजवळ कुठलं कात्रण? माळेगावच्या मैदानानं लिहून द्यावं का तिला, की ही इथं नाचली? आपल्या तालुक्यातली शिकलेली पोरं एवढं तर करू शकतात. अशा बाया शोधा, त्यांचा जबाब लिहून घ्या, कोणता फड, कोणती सालं, कोणते वग, आणि अर्ज भरून द्या. पावती घ्या, विसरू नका.

आणि माळेगावला लावणीचा कार्यक्रम होतो तिथं एक तास बैठकीचा मागा. पन्नाशीपुढच्या बायांचा. शिट्टीवाल्यांनी बाहेर उंट बघावेत.

२०२५ साली बातम्या आल्या की लक्ष्मण उतेकर श्रद्धा कपूरला घेऊन विठाबाईंवर हिंदी चित्रपट करताहेत. करोत. नाचाचं शूटिंग झकास होईल, नाळेचा प्रसंग तर असणारच. आमची नजर शेवटच्या अर्ध्या तासावर राहील. तिथं कोवळ्या नटीच्या तोंडावर रबर चिकटवून सुरकुत्या करतील, केसांना पांढरा रंग देतील, आणि लोक म्हणतील काय पटली म्हातारी! 'नटसम्राट'ला म्हणाले तसंच. त्या वेळी माळेगावच्या मैदानात, कनातीच्या मागं, खऱ्या सुरकुत्यांची एक बाई फडाच्या माणसांसाठी भाकरी थापत असेल. तिला तो वग अजून अख्खा पाठ असतो, राधेच्या वाक्यांसकट.